एक चूल, सहा नावे : सेवावर्षातील एका घराचा प्रकरण अभ्यास

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका जुन्या औद्योगिक शहरात, पूर्वी धर्मभगिनींचे निवासस्थान असलेल्या विटांच्या घरात एकत्र राहणाऱ्या सहा तरुण स्वयंसेवकांपुढे एक व्यवहारी प्रश्न उभा राहिला : घराने सरकारी अन्नसाहाय्यासाठी अर्ज करावा की करू नये. त्याचे उत्तर मिळायला डिसेंबर उजाडला. मधल्या काळात ही मंडळी एकमेकांशी जे बोलली, आणि त्याहून अधिक जे बोलली नाहीत, त्याचा हा अभ्यास आहे.

मी मूळची वसईची. या शहरातील आमच्या धर्मग्रामातर्फे, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायातर्फे, त्या वर्षी मी या घराची स्थानिक आधार-व्यक्ती होते. पद ऐकायला जड असले तरी काम साधे असते : अधूनमधून घराला जेवायला बोलवायचे, कुणाला दवाखान्यात किंवा विमानतळावर पोहोचवायचे, आणि विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. संस्थेचे नाव मी देत नाही. सहाही जणांनी हे टिपण लिहायला संमती दिली आहे. ओळख पटू नये म्हणून काही बाह्य तपशील बदलले आहेत, व्यवहाराचा आणि कायद्याचा भाग मात्र आहे तसाच ठेवला आहे.

घर आणि त्याचा जमाखर्च

अमेरिकेत श्रद्धेच्या आधारावर उभ्या राहिलेल्या सेवावर्षांची परंपरा आता बरीच जुनी झाली आहे. ब्रेदरेन या प्रॉटेस्टंट पंथाने आपली स्वयंसेवा योजना १९४८ मध्ये सुरू केली; १९५६ मध्ये अलास्कातील कॉपर व्हॅलीच्या निवासी शाळेत मदतीला गेलेल्या तरुण कॅथलिक पदवीधरांपासून पुढे जेझुइट व्हॉलंटिअर कोअर उभी राहिली; लुथरनांची तशी संस्था १९७९ मध्ये, तर ज्यू परंपरेतील ‘अव्होदा’ १९९८ मध्ये निघाली. पंथ वेगळे असले तरी घडण सारखीच आहे. ऑगस्टमध्ये पाच-सहा अनोळखी तरुण एका घरात येतात, दिवसा निवारागृह, शाळा, दवाखाना, कायदा-मदत केंद्र अशा निरनिराळ्या ठिकाणी पूर्ण वेळ काम करतात, संध्याकाळी एकत्र स्वयंपाक करून जेवतात, आठवड्यातील एक रात्र घराच्या प्रश्नांसाठी आणि एक प्रार्थनेसाठी राखून ठेवतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात पांगतात. येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाच्या, म्हणजे जेझुइट, वळणाच्या घरांत समुदाय, साधी राहणी, सामाजिक न्याय आणि अध्यात्म अशी चार तत्त्वे मानली जातात. या घरातही त्यांचा कागद फ्रिजवर, भांडी घासण्याच्या पाळीपत्रकाच्या शेजारी लावलेला होता.

पैशाची व्यवस्था समजून घेतल्याखेरीज हे प्रकरण कळणार नाही. स्वयंसेवक जिथे काम करतो ती संस्था त्याच्या कामापोटी एक ठरलेली रक्कम पाठवणाऱ्या संस्थेला देते, आणि त्यातून घरभाडे, वीज, गॅस व आरोग्यविमा भागवला जातो. या घरात प्रत्येकाच्या हातात खासगी खर्चासाठी महिना १२५ डॉलर पडत. किराण्यासाठी माणशी १५० डॉलर सामाईक खात्यात जमा होत, म्हणजे सहा जणांचे मिळून ९००. बाजारहाट पाळीने होई आणि त्याचा हिशेब एका वहीत लिहिला जाई. मी ती वही चाळली आहे. त्यात एका ठिकाणी सूचना आहे : ‘चीज किसलेले आणू नये, वडी घ्यावी, स्वस्त पडते’, तिच्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात ‘आणि किसणार कोण?’, त्याखाली तिसऱ्या हस्ताक्षरात नुसताच एक आकडा, दोन्ही पाकिटांच्या किमतींतील फरकाचा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत वहीतील शिल्लक नावापुरती उरली, आणि ऑक्टोबरात तर विसाव्या तारखेनंतर घर भात, घेवडा आणि धर्मग्रामातून आलेल्या बटाट्यांवर चालले.

सहा जणांची ओळख कामावरून करून देते. एक तरुणी अन्नवाटप केंद्रात होती आणि तिथे येणाऱ्यांना सरकारी अर्ज भरून देणे हेच तिचे मुख्य काम होते. दुसरी निर्वासित मुलांच्या शाळेत होती; ती टेक्सासच्या सीमेलगतच्या गावातील, आईने एकटीने वाढवलेली, आणि लहानपणी घरात अन्नसाहाय्याचे कार्ड पाहिलेली. तिसरी लुथरन पंथाची. ती स्थलांतरितांसाठी चालणाऱ्या कायदा-मदत केंद्रात कारकुनी करी. चौथा कनेटिकटमधील सुखवस्तू कॅथलिक कुटुंबातील, निवारागृहात रात्रपाळी करणारा. पाचवा दवाखान्यात, आपण कोणत्याच पंथाचे नाही असे तो पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झाला होता आणि प्रार्थनेच्या रात्री सर्वांत वेळेवर तोच येई. सहावा वृद्धाश्रमात काम करणारा, फिलिपिनी आईवडिलांचा अमेरिकेत जन्मलेला मुलगा, मितभाषी.

यांपैकी अन्नवाटप केंद्र, शाळा आणि दवाखाना येथील तीन जागा अमेरिकॉर्प्स या केंद्र सरकारच्या योजनेत बसवलेल्या होत्या. १९९३ च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेतील स्वयंसेवकाला वर्षअखेर शिक्षणासाठी अनुदान मिळते आणि बहुतेक सरकारी शैक्षणिक कर्जांची वसुली तेवढा काळ थांबते. त्या बदल्यात त्याच्या कामाच्या तासांत पूजा, प्रार्थना किंवा धर्मप्रचार यांना जागा नसते, म्हणून घराची प्रार्थनेची रात्र नेहमी कामाचे तास संपल्यावरची असे. आपल्या प्रकरणाला लागू पडणारी बाब वेगळीच आहे : अमेरिकॉर्प्सचे मानधन अन्नसाहाय्य ठरवताना उत्पन्न म्हणून धरले जात नाही. उरलेल्या तिघांच्या हातातही तेवढीच रक्कम येई, पण ती मात्र उत्पन्नात मोजली जाई.

कायद्याची चूल

या अन्नसाहाय्याचे आजचे नाव ‘स्नॅप’. १९६४ च्या कायद्याने पक्क्या झालेल्या फूड स्टॅम्प योजनेला हे नाव २००८ मध्ये मिळाले. पूर्वी कागदी कुपने असत, आता बँकेच्या कार्डासारखे कार्ड असते. त्यावर धान्य, भाजी, दूध, मांस घेता येते. दुकानातले गरम शिजवलेले अन्न, साबण, शौचालयाचा कागद घेता येत नाही. आणि अर्ज व्यक्तीचा नसतो, घराचा असतो. घर म्हणजे कोण, हे केवळ नात्यावरून ठरत नाही : एका छपराखाली राहून जे नेहमी एकत्र अन्न विकत घेतात आणि एकत्र शिजवतात, ते सर्व मिळून एक घर. आपल्याकडे दोन भावांनी चूल वेगळी केली की शिधापत्रिकाही वेगळी काढायची धडपड सुरू होते, तसाच हा हिशेब आहे, फक्त इथे भाऊ नव्हते. ऑगस्टपूर्वी एकमेकांना न पाहिलेले सहा जण केवळ एकाच पातेल्यात जेवतात म्हणून कायद्याच्या दृष्टीने एक कुटुंब झाले होते. त्यामुळे अर्ज करायचा तर सहाही जणांची नावे त्यात द्यावी लागणार होती. एकाला नको असेल, तर त्याचे नाव गाळून उरलेल्या पाचांनी अर्ज करणे शक्य नव्हते.

ऑक्टोबर २०२३ पासूनच्या सरकारी वर्षात सहा माणसांच्या घरासाठी कमाल मदत महिना १३८६ डॉलर होती. निव्वळ उत्पन्नाचा ३० टक्के भाग त्यातून वजा होतो. अन्नवाटप केंद्रातील तरुणीने तिघांचे मानधन आणि मिळू शकणाऱ्या सवलती धरून अंदाज काढला, तो बाराशे डॉलरच्या वर गेला. म्हणजे संस्था ज्या रकमेत सहा जणांचे पोट भरेल असे धरून चालली होती, तिच्याहून अधिक रक्कम सरकारच्या लेखी या घराच्या किमान पोषणाला लागत होती. मला या प्रकरणातील सर्वांत बोलका आकडा हाच वाटतो, आणि गंमत अशी की चर्चेत त्याच्यावर कोणी फारसे बोललेच नाही.

संस्थेच्या समन्वयकांना विचारले तेव्हा उत्तर आले की अर्ज करण्यास मनाई नाही आणि आग्रहही नाही, घराने आपल्या चार तत्त्वांच्या प्रकाशात विचार करून ठरवावे. उत्तर सभ्य होते. त्याचा परिणाम मात्र असा झाला की किराण्याची रक्कम अपुरी आहे हा हिशेबाचा प्रश्न, घरापर्यंत पोहोचेतो, आपण पुरेसे साधे राहतो का या विवेकाच्या प्रश्नात बदलून गेला.

पहिल्या दोन बैठका

घराचे निर्णय एकमताने होत. सर्वांचे समाधान झाल्याशिवाय निर्णय नाही, आणि कोणी अडून बसलाच तर त्याने आपले कारण सांगायचे, हा ऑगस्टमध्ये सर्वांनी मिळून लिहिलेला नियम होता.

पहिल्या बैठकीत अन्नवाटप केंद्रातील तरुणीने प्रस्ताव मांडला आणि निवारागृहातील तरुणाने विरोध केला. त्याचे म्हणणे असे की ही मदत ज्यांना दुसरा मार्ग नाही त्यांच्यासाठी आहे. आपण सहाही जण पदवीधर, स्वतःच्या इच्छेने वर्षभर कमी पैशात राहायला आलेले. आपण कार्ड घेतले तर तो गरिबीचा देखावा होईल. यावर तिने वस्तुस्थिती सांगितली की ही योजना हक्काची आहे, जो पात्र आहे त्याला ती मिळते, आणि एकाने घेतल्याने दुसऱ्याच्या ताटातले कमी होत नाही. कायदा-मदत केंद्रातील तरुणीचा आक्षेप निराळा होता आणि मला तो अधिक वजनदार वाटला : संस्थेने आपल्या स्वयंसेवकांना जेवू घालण्याचा खर्च जनतेच्या करातून परस्पर भागवावा काय? शाळेतील तरुणी बराच वेळ गप्प होती, आणि बोलली ती निवारागृहातील तरुणाकडे पाहून. तिच्या आईने ते कार्ड दुकानात काढताना मागे रांगेत कोण उभे आहे हे आधी पाहून घ्यायची सवय लावून घेतली होती. तुला देखावा वाटतो ती आमची वर्षे होती, असे ती म्हणाली. दवाखान्यातला तरुण कोणत्याही निर्णयाला तयार होता. वृद्धाश्रमातला तरुण इतकेच म्हणाला की त्याला साधेपणाने राहिलेले बरे वाटेल. साहजिकच सर्वांनी त्याला विरोधकांत धरले, आणि तेही निवारागृहातील तरुणाच्या बाजूने.

दान घेण्याविषयीचा हा संकोच सरसकट नव्हता. त्याच आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील दोन कुटुंबांनी घराला भाजलेल्या पास्त्याचे मोठे ट्रे आणि सफरचंदांची पेटी पोहोचवली, तेव्हा सहापैकी कोणाच्याही साधेपणाला धक्का बसला नाही. तेही दानच होते. फरक एवढाच की त्यासाठी अर्ज भरावा लागला नव्हता आणि सरकारदरबारी कुणाचे नाव लागले नव्हते. पुण्यामुंबईत वारावर जेवून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या हकिगती मराठी वाचकाने पुष्कळ ऐकल्या आहेत. आज कुणाकडे, उद्या कुणाकडे हे त्यांना सांभाळावे लागे, पण आपण गरिबीचा अनुभव घेत आहोत असे त्यांपैकी कुणी म्हटल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. निवडलेल्या साधेपणाला अशा चर्चेत जे महत्त्व येते, ते मागे घरी काहीतरी शिल्लक असण्यातून येते.

दुसऱ्या बैठकीत चूल वेगळी करण्याचा विचार पुढे आला. अमेरिकॉर्प्सच्या तिघांनी आपला किराणा स्वतंत्र आणून स्वतंत्र शिजवला, तर ते तिघे वेगळे घर ठरतील आणि उरलेल्यांचा प्रश्नच येणार नाही. दवाखान्यातील तरुणाने यावर सहजपणे सुचवले की कागदावर तसे लिहू, जेवू एकत्रच. अन्नवाटप केंद्रातील तरुणीने त्याला तिथेच थांबवले. अर्जदाराला रोज समोर बसवून ‘तुम्ही कोणाबरोबर खरेदी करता, कोणाबरोबर शिजवता?’ हा प्रश्न ती विचारत असे. खोटी माहिती दिल्यास शिक्षा होऊ शकते हे वाक्य सहीपूर्वी वाचून दाखवत असे. आणि उत्तर देताना समोरचे माणूस अडखळले की तिला ते कळत असे. स्वतःच्या घराच्या अर्जात ती तेच वाक्य डोळ्याआड करणार नव्हती. मग खरोखरच वेगळे शिजवावे काय? त्यावर निवारागृहातील तरुण म्हणाला की एकत्र जेवण हे या घरातले शेवटचे उरलेले प्रार्थनेसारखे काम आहे, आणि ते त्याने मनापासून म्हटले होते. बैठक निर्णयाविना संपली.

जे कारण सांगितले गेले नव्हते

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीसाठी वृद्धाश्रमातील तरुणाला मी विमानतळावर पोहोचवत होते. वाटेत त्याने विचारले की अन्नसाहाय्याच्या अर्जातील नावे नंतर कोणकोणती सरकारी खाती पाहू शकतात. प्रश्न इतका नेमका होता की मी गाडी चालवत राहिले आणि त्याला बोलू दिले.

त्याची आई खूप वर्षांपूर्वी पर्यटक व्हिसावर आली होती आणि मुदत संपल्यावर परत गेली नव्हती. अमेरिकन नागरिक असलेला मुलगा २१ वर्षांचा झाला की आईवडिलांसाठी कायमच्या वास्तव्याचा अर्ज करू शकतो, आणि आई रीतसर व्हिसावर आलेली असल्यामुळे तिला देश न सोडता ती परवानगी मिळण्याची वाट होती. त्याने तो अर्ज केला होता. अशा अर्जासोबत मुलाला आईच्या पालनपोषणाची हमी सहीनिशी द्यावी लागते आणि त्यासाठी सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागते. १२५ डॉलर महिन्यावर राहणाऱ्याला ते जमणारे नव्हते, म्हणून त्याच्या मामांनी सहहमीदार म्हणून सही केली होती. आईला पोसण्याची हमी देणाऱ्याचे नाव त्याच वर्षी सरकारी अन्नसाहाय्याच्या यादीत असेल, तर कोणीतरी ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवून पाहील, ही त्याची भीती होती.

भीतीला आधार नव्हता असे नाही. सरकारवर भार ठरू शकणाऱ्या व्यक्तीला वास्तव्य नाकारण्याची तरतूद अमेरिकन कायद्यात जुनी आहे. २०१९ च्या नियमाने त्या कसोटीत अन्नसाहाय्याचाही समावेश केला. तो नियम फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झाला, मार्च २०२१ मध्ये मागे पडला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या नव्या नियमाने अन्नसाहाय्य त्या कसोटीतून बाहेर काढले. शिवाय घरातल्या इतरांनी घेतलेली मदत अर्जदाराच्या नावावर मांडता येत नाही हेही स्पष्ट केले. त्याने वाचले होते ते २०१९ चे. आणि याचे नेमके उत्तर देऊ शकणारी व्यक्ती त्याच घरात, जिन्यापलीकडच्या खोलीत झोपत होती.

तिला का विचारले नाहीस, असे मी म्हटले. तो म्हणाला की तिला सांगितले की आई एक केस होते.

मी त्याला एकच सुचवले : नुसते ‘नको’ म्हणण्याचा हक्क त्याला आहे, आणि कारण सांगायचेच असेल तर ते त्याने स्वतः, आपल्या वेळेला सांगावे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने ते घरात सांगितले. कायदा-मदत केंद्रातील तरुणीने त्याच्या परवानगीने आपल्या वरिष्ठ वकिलांना विचारून त्या वेळी लागू असलेला नियम त्याला समजावून दिला. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला की चार वर्षांत नियम इतक्यांदा फिरला, पुढे कोणत्या बाजूला फिरेल हे तुमच्या वकिलांनाही सांगता येणार नाही, आणि नाव मात्र एकदा लागले की लागले. यावर कोणी वाद घातला नाही. प्रस्ताव मागे घेतला गेला.

चर्चा का अडली

एकमताच्या नियमात कारण सांगण्याची अट होती, ती चांगल्या हेतूने घातलेली होती. पण कोणते कारण सांगण्याजोगे, हे फ्रिजवरच्या चार तत्त्वांनी आधीच ठरवून टाकले होते. साधेपणा, न्याय, गरिबांशी एकरूपता या भाषेत बोलणाऱ्याला व्यासपीठ होते. मला भीती वाटते, मला कर्ज आहे, मी घरी पैसे पाठवते, ही कारणे त्या भाषेत लहान दिसत. म्हणून वृद्धाश्रमातील तरुणाने आपल्या भीतीला साधेपणाचे नाव दिले. शाळेतील तरुणीचेही तसेच होते, फक्त उलट दिशेने : ती न्यायाच्या बाजूने बोलत राहिली, आणि आपल्या १२५ डॉलरांपैकी निम्मे ती दर महिन्याला आईला पाठवते व उरलेल्यातून महिनाअखेरीस स्वतःसाठी अंडी आणि पाव आणते, हे घराला डिसेंबरातच कळले.

तिकडे निवारागृहातील तरुणाच्या पाकिटात वडिलांचे क्रेडिट कार्ड होते. ते अडीअडचणीसाठी होते, आणि हिवाळी बूट ही अडचण ठरली. त्याला मी दोष देत नाही. पहिल्या ख्रिस्ती समुदायात सर्व काही सामाईक होते, हे वचन बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातले, आणि अशा घरांत ते हमखास वाचले जाते. पाचव्या अध्यायातील हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याची गोष्ट कमी वाचली जाते. जमीन विकून आलेल्या पैशातील काही भाग त्यांनी मागे ठेवला, आणि प्रेषित पेत्र हनन्याला जे सुनावतो त्यात पैसा ठेवण्याला दोष नाही. जमीन तुझीच होती, पैसाही तुझाच होता, सगळे दिले असे भासवलेस हा दोष. कार्ड असणे हा प्रश्नच नव्हता. आपण सगळे सारख्याच १२५ डॉलरांत राहतो, हे ऑगस्टपासून गृहीत धरलेले वाक्य खरे नव्हते, आणि त्या वाक्यावर उभी राहिलेली चर्चा सरळ होणे शक्य नव्हते. सहाव्या अध्यायात तर त्याच समुदायात रोजच्या अन्नवाटपावरून कुरकुर सुरू होते, काही विधवांच्या वाट्याला कमी येते म्हणून. आणि प्रेषित त्यांना साधेपणाचा उपदेश करीत नाहीत, वाटपाचे काम पाहायला सात माणसे नेमतात. मला वाटते, समन्वयकांनी या घराला पाठवायचा होता तो हा अध्याय.

नंतरचे

घराने संस्थेला पत्र लिहून किराण्याची रक्कम वाढवून मागितली आणि सोबत वहीतील तीन महिन्यांची पाने जोडली. जानेवारीपासून माणशी २५ डॉलर वाढले. निवारागृहातील तरुणाने आपली खासगी रक्कमही सामाईक खात्यात टाकण्याची तयारी दाखवली. शाळेतील तरुणीने त्याचा त्याग आपल्या ताटात नको म्हणून स्वच्छ नकार दिला. यात तिचा कडवटपणा होता आणि तो तिने लपवलाही नाही.

मार्चमध्ये तिने स्वतःपुरती चूल वेगळी केली. फ्रिजमधला खालचा खण, एक तवा, एक पातेले, फळीवरचा डावा कोपरा. ती स्वतः बाजार करी, स्वतः शिजवी, आणि ताट घेऊन सर्वांबरोबर त्याच मेजावर बसे. कायदा एकत्र खरेदी करणे आणि एकत्र शिजवणे पाहतो, एकत्र बसून जेवण्याला त्याची हरकत नसते. अर्ज तिच्या एकटीच्या नावाचा झाला, तो भरायला अन्नवाटप केंद्रातील तरुणीने मदत केली, आणि अमेरिकॉर्प्सचे मानधन उत्पन्नात धरले जात नसल्याने तिला एका व्यक्तीची कमाल रक्कम, म्हणजे महिना २९१ डॉलर, मंजूर झाली. संस्थेच्या नियमानुसार किराण्याचा वाटा रोख मिळत नसे, त्यामुळे तिच्या वाट्याचे पैसे सामाईक खात्यातच राहिले आणि उरलेल्या पाच जणांचे जेवण सुधारले. निवारागृहातील तरुणाला ही घराची फाळणी वाटली आणि त्याने ती प्रार्थनेच्या रात्री तशी बोलूनही दाखवली. वृद्धाश्रमातील तरुण मात्र त्या महिन्यापासून तिच्या वाटणीची भांडी आपणहून घासू लागला. तिने त्याला तसे न करण्याविषयी सांगितले. त्याने ऐकले नाही.

एकमताच्या नियमातही एक दुरुस्ती झाली : सरकारी कागदावर नाव देण्याच्या बाबतीत कोणालाही कारण न सांगता नकार देता येईल. कायदा-मदत केंद्रातील तरुणीचा तिला शेवटपर्यंत विरोध होता, कारण न सांगता दिलेला नकार म्हणजे एकट्याने सर्वांवर चालवलेला अधिकार होतो, असे तिचे म्हणणे. माझा कल दुरुस्तीच्या बाजूने आहे, पण तिचा आक्षेप खोडून काढता येईल असे मला वाटत नाही; मार्चमधली वेगळी चूल त्या नकाराचीच किंमत होती आणि ती नकार देणाऱ्याने मोजली नव्हती.

पुढच्या तुकडीला पाठवल्या गेलेल्या माहितीपुस्तिकेत संस्थेने अन्नसाहाय्याविषयी एक पान घातले. त्यात एकत्र शिजवणाऱ्यांचे एक घर धरले जाते हे सांगितले आहे, अमेरिकॉर्प्सच्या मानधनाचा नियम आहे, स्थलांतराविषयी शंका असल्यास घराबाहेरच्या वकिलाकडे जावे अशी सूचनाही आहे. हे पान ऑगस्टपूर्वी हाती असते तर वृद्धाश्रमातील तरुणाचे तीन महिने वाचले असते. किराण्याची रक्कम कशाच्या आधारे ठरते, आणि महिना संपण्यापूर्वी ती संपली तर भर कोणी घालायची, याविषयी मात्र त्या पानावर काही लिहिलेले नाही.